दहावीच्या पुस्तकातील प्रोबायोटिक्स

दहावीच्या वर्गात ‘ओळख सूक्ष्मजीवशास्त्राची’ हा पाठ चालू होता. दह्याचे झाले, चीजचे झाले आणि गाडी प्रोबायोटिक्सवर आली. पुस्तकात प्रोबायोटिक खाद्यांची एक यादी आहे. ती वाचून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “बाई, कॉर्न सिरप म्हणजे मक्यापासून केलेला साखरेचा पाकच ना? मग पाकात जिवंत जीवाणू कसे राहतील? पाकात घातलेला मोरावळा तर वर्षभर टिकतो!” प्रश्न इतका नेमका होता की उत्तर सुचले नाही. “पुस्तकात दिले आहे तसे लिही,” असे सांगून आमच्यातल्या एकीने वेळ मारून नेली. पण ते बोलणे मनाला लागून राहिले. पुढे छत्रपती संभाजीनगरातील आम्ही चार-पाच शिक्षक एका रविवारी बसलो आणि तो उतारा ओळीओळीने तपासला. त्या तपासणीचा हा गोषवारा.

आधी पुस्तकाचे श्रेय पुस्तकाला द्यायला हवे. बालभारतीने २०१८ साली आणलेल्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ मधील हा सातवा पाठ चांगल्या हेतूने लिहिलेला आहे. सूक्ष्मजीव म्हणजे रोगराई, ही जुनी समजूत तो मोडतो. दुग्धोद्योगापासून समुद्रातली तेलगळती निस्तरणाऱ्या जीवाणूंपर्यंत बरेच काही मुलांसमोर ठेवतो. आम्ही शिकत होतो तेव्हा शालेय पुस्तकात असे काही नव्हते. आमची तक्रार या पाठातील फक्त एका उताऱ्याविषयी आहे. पण तो उतारा थेट मुलांच्या ताटाशी आणि आजारपणाशी जोडलेला आहे, म्हणून ती तक्रार लहान नाही.

पहिला प्रश्न व्याख्येचा. पुस्तकाने प्रोबायोटिक्सना क्रियाशील जीवाणू असलेले दुग्धजन्य पदार्थ म्हटले आहे. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली अर्जेंटिनात एकत्र बसून जी व्याख्या केली, तिच्यात दुधाचा उल्लेखच नाही. त्या व्याख्येचा आशय असा : जे सूक्ष्मजीव जिवंत असताना आणि पुरेशा संख्येने घेतल्यावर घेणाऱ्याच्या आरोग्याला फायदा करून देतात, ते प्रोबायोटिक. म्हणजे प्रोबायोटिक हे सूक्ष्मजीवाला लावायचे विशेषण आहे, पदार्थाला नव्हे. दूध हे केवळ वाहन. ते वाहन गोळी असेल, भुकटी असेल किंवा सोयाबीनचे दूधही असेल.

या व्याख्येतून तीन प्रश्न निघतात आणि वर्गात तेच तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत, असे आम्हांला वाटते. एक, पदार्थ तोंडात जाताना त्यातले सूक्ष्मजीव जिवंत आहेत का? दोन, ते पुरेसे आहेत का? तीन, नेमक्या त्याच वाणाचा फायदा माणसांवरील चाचणीत दिसला आहे का? तिन्हींची उत्तरे ‘होय’ असतील तरच प्रोबायोटिक म्हणायचे. दुसऱ्या प्रश्नासाठी आपल्याकडे आकडाही उपलब्ध आहे. भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनुसार, प्रोबायोटिक म्हणून विकायच्या अन्नाच्या दिवसभराच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत सूक्ष्मजीव असावे लागतात.

आता पुस्तकातली यादी या तीन प्रश्नांना लावून पाहू. यादीत योगर्ट, केफिर, सॉकरक्राउट म्हणजे आंबवलेला कोबी, डार्क चॉकलेट, मिसो सूप, लोणची, तेले, कॉर्न सिरप, कृत्रिम गोडी आणणारे पदार्थ आणि स्पायरुलिना, क्लोरेला यांसारखी सूक्ष्म शैवाले आहेत. योगर्ट, केफिर आणि न शिजवलेला सॉकरक्राउट यांत जिवंत जीवाणू भरपूर असतात, तेव्हा पहिल्या प्रश्नात ते उत्तीर्ण होतात. मिसो आंबवलेल्या सोयाबीनचा असतो. पण त्याचे सूप उकळले की जीवाणू मरतात. चॉकलेटचे कोकोबी आंबवतात हे खरे, पण पुढे ते भाजतात. एखाद्या कारखान्याने चॉकलेटात मुद्दाम जीवाणू मिसळले, तर श्रेय त्या जीवाणूंचे, चॉकलेटचे नव्हे.

तेलात पाणीच नसते, मग त्यात जीवाणू वाढणार कसे? कॉर्न सिरपमध्ये साखर इतकी दाट असते की जीवाणूच्या पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते. त्या मुलीने दिलेले मोरावळ्याचे उदाहरण अगदी बरोबर होते. कृत्रिम गोडी आणणारी द्रव्ये ही तर शुद्ध रसायने. ती जिवंत नाहीत हे सांगायला सूक्ष्मदर्शकाची गरज नाही. उलट २०१४ साली इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी दाखवले की सॅकरीनमुळे उंदरांच्या आणि काही माणसांच्या आतड्यातील जीवाणूंची घडी बिघडून रक्तातील साखरेचे नियंत्रण ढासळते. म्हणजे ज्या पदार्थावर आतड्यातील जीवाणूंना त्रास दिल्याचा संशय आहे, तोच मित्रांच्या यादीत बसला आहे. स्पायरुलिना स्वतःच एक जीवाणू आहे हे खरे, पण बाजारात मिळते ती तिची वाळलेली भुकटी.

लोणच्याचे काय? आमच्यात यावर बराच वाद झाला. मराठवाड्यात घरोघरी घालतात ते कैरीचे लोणचे मीठ, मोहरी, तेल आणि कैरीचा स्वतःचा आंबटपणा यांवर टिकते. त्याचा आंबटपणा मुख्यतः फळातून येतो, जीवाणूंनी केलेल्या आम्लातून नव्हे. पाश्चात्त्य देशांत खारवून आंबवलेली काकडी किंवा कोबी आणि आपले कैरीचे लोणचे या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एका शब्दामुळे त्या एक होत नाहीत.

मग आपल्या स्वयंपाकघरात काय आहे? प्रोबायोटिक म्हटले की मुलांना जाहिरातीतली बाटली दिसते, घरातले ताक दिसत नाही. म्हणून आम्ही इथल्याच पदार्थांची एक यादी केली. ताक आणि घरचे दही यांत जिवंत जीवाणू असतात. ज्वारीचे पीठ रात्रभर भिजवून केलेले आंबील सकाळी शिजवले की त्यातले जीवाणू मरतात. मात्र ते थंड झाल्यावर वरून ताक घातले, तर ताकातले जीवाणू जिवंत पोचतात. लातूर-धाराशिव भागात वेळा अमावस्येला शेतात आंबील पितात, तिथल्या मुलांना हा फरक चटकन कळेल. इडली-ढोकळा आंबवलेले खरे, पण वाफवलेले. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजत ठेवतात. त्या पाण्याचा आंबूस वास हे जीवाणूंचेच काम. पण पुढे चीक शिजतो, उन्हात वाळतो आणि शेवटी तळलाही जातो!

म्हणून हे पदार्थ कमी प्रतीचे ठरतात का? मुळीच नाही. आंबवण्याने धान्यातील फायटिक आम्ल कमी होते आणि लोह व जस्त शरीराला अधिक मिळते. ज्यांच्या जेवणात भाकरी आणि डाळ हाच मुख्य आधार, त्यांच्यासाठी हा फायदा मोठा आहे. जीवाणू आपले काम करून मरून गेले, एवढेच. आंबवलेला पदार्थ आणि प्रोबायोटिक हे दोन शब्द समानार्थी नाहीत, हे या विषयातील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०२१ साली स्पष्टपणे मांडले आहे. घरच्या विरजणात कोणते वाण आहेत हे घराघरागणिक बदलते. त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाला दह्याचे उत्तर ठामपणे देता येत नाही. दह्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र पक्की आहे : दूध न पचणाऱ्या अनेकांना दही पचते, कारण दह्यातले जिवंत जीवाणू दुधातील शर्करा पचवायला मदत करतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने जे मोजके दावे मान्य केले, त्यांत हा दावा २०१० साली मान्य झाला.

यादीनंतर दाव्यांकडे वळू. पुस्तक म्हणते की प्रोबायोटिक्स आपल्या अन्नमार्गात उपयुक्त जीवाणूंच्या वसाहती निर्माण करतात. इथे थोडे गणित करावे. २०१६ साली सेंडर, फुक्स आणि मिलो यांनी केलेल्या हिशेबानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात आणि त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात. प्रोबायोटिकची किमान मात्रा १० कोटी. म्हणजे ३ लाख ८० हजार मूळ रहिवाशांमागे एक पाहुणा! हा पाहुणा वाटेत काही चांगले काम करून जाऊ शकतो, पण घर बांधून राहणे त्याला अवघड. प्रोबायोटिक घेणे थांबवले की बहुतेकांच्या आतड्यातून ते जीवाणू थोड्याच दिवसांत नाहीसे होतात. ‘वसाहत’ या शब्दाऐवजी ‘मुक्काम’ हा शब्द अधिक खरा ठरला असता.

उपद्रवी सूक्ष्मजीवाचे उदाहरण म्हणून पुस्तकाने क्लॉस्ट्रिडिअमचे नाव घेतले आहे. क्लॉस्ट्रिडिअमच्या काही जाती धनुर्वातासारखे भयंकर रोग करतात, यात शंका नाही. पण त्याच मोठ्या गोतावळ्यातील अनेक जीवाणू आपल्या मोठ्या आतड्यात तंतुमय पदार्थ आंबवून ब्युटिरिक आम्ल तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्याच आम्लावर जगतात. एका कुळातील दोघांनी चोरी केली म्हणून सगळे गाव चोर ठरवण्यासारखे हे झाले.

प्रतिजैविकांमुळे निष्क्रिय झालेल्या उपयुक्त जीवाणूंना प्रोबायोटिक्स पुन्हा कामाला लावतात, असेही पुस्तक सांगते. वाइझमन संस्थेतच २०१८ साली २१ जणांवर झालेल्या प्रयोगात याच्या उलट दिसले. प्रतिजैविके घेतल्यावर ज्यांनी प्रोबायोटिक घेतले, त्यांच्या आतड्यातील मूळ जीवाणू परत यायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षाही अधिक वेळ लागला. प्रयोग लहान होता, त्यावरून सर्वांसाठी नियम करता येणार नाही. पण इतके सरळ विधानही मग करता येत नाही.

सर्वांत गंभीर मुद्दा अतिसाराचा. अतिसारावरील उपचारात प्रोबायोटिक्स वापरतात, असे पुस्तकात आहे. वापरतात हे खरे आहे. त्याने फरक पडतो का, हा पुढचा प्रश्न. कोलकात्याच्या झोपडवस्तीतील १ ते ५ वर्षे वयाच्या ३,७५८ मुलांना बारा आठवडे रोज एक पेय देण्यात आले. निम्म्यांच्या पेयात लॅक्टोबॅसिलस केझाय शिरोटा हा वाण होता. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्या मुलांमध्ये अतिसार १४ टक्क्यांनी कमी झाला. फायदा आहे, पण माफक आहे, आणि तो अतिसार टाळण्याचा आहे, बरा करण्याचा नाही. बरा करण्याविषयी २०२० साली कॉक्रेन समूहाने ८२ अभ्यास एकत्र तपासले. दोन दिवसांहून अधिक लांबणाऱ्या अतिसारात प्रोबायोटिक्समुळे बहुधा फारसा फरक पडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

अतिसार झालेल्या मुलाचा जीव जातो तो अंगातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. त्याला वाचवते ती मीठ-साखरेची संजीवनी, म्हणजेच ओआरएस, आणि सोबत जस्ताची गोळी. दहावीची मुलगी आपल्या धाकट्या भावाच्या आजारपणात पुस्तकातले आठवून महागडी बाटली आणायला धावली आणि ओआरएसचे पाकीट राहून गेले, तर? त्या उताऱ्यात या पाकिटाचे एक वाक्य असते तर आम्ही बाकीच्या चुका हसून सोडून दिल्या असत्या.

याचा अर्थ प्रोबायोटिक्स म्हणजे सगळी थाप, असे कोणी समजू नये. ओडिशाच्या खेड्यांतील ४,५५६ नवजात बालकांवर झालेली चाचणी २०१७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाली. लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम हा जीवाणू आणि त्याचे खाद्य असलेली शर्करा सात दिवस दिल्यावर जंतुदोष किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. ही फार मोठी गोष्ट आहे. पण ती एका ठरावीक वाणाची, ठरावीक मात्रेची आणि साधारण पूर्ण दिवसांच्या बाळांची गोष्ट आहे. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळांना अशी उत्पादने देण्याविरुद्ध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ साली सावधगिरीचा इशारा दिला. एका वाणाचे यश दुसऱ्याच्या खात्यावर मांडता येत नाही, हा धडा दोन्हींतून मिळतो.

आता शाकाहाराकडे. आमच्या शाळांतील बरीच मुले शाकाहारी आहेत आणि अलीकडे काही घरांनी दूधही सोडले आहे. अशा मुलांना पुस्तकातील उतारा वाचून वाटते की दूध नाही तर आतड्यातील जीवाणूही नाहीत. वस्तुस्थिती वेगळी आहे. आतड्यातील जीवाणूंचे मुख्य खाद्य म्हणजे आपल्याला न पचणारे तंतुमय पदार्थ, आणि ते फक्त वनस्पतींतून मिळतात. ज्वारीची भाकरी, तूर, हरभरा, मटकी, कांदा, लसूण, पालेभाज्या यांतून ते खाद्य पुरवले जाते. शिळ्या भाकरीतील काही पिष्ट थंड झाल्यावर पचायला अवघड बनते आणि तेही जीवाणूंच्या वाट्याला जाते. अशा खाद्याला १९९५ सालापासून ‘प्रीबायोटिक’ असे नाव आहे. पुस्तकाने हा शब्द दिलेला नाही. तो दिला असता तर अर्धा गोंधळ मिटला असता. बाहेरून पाहुणे आणण्याआधी घरच्यांना जेवू घालावे, इतकी ही साधी गोष्ट आहे.

आपल्या आतड्यांचा अभ्यास आपल्याकडेही होतो, हे मुलांना जरूर सांगावे. पुण्यातील शास्त्रज्ञांनी माणसाच्या विष्ठेतून वेगळा काढलेला एक नवा जीवाणू २०१४ साली ‘मेगास्फेरा इंडिका’ या नावाने जगासमोर आला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, भोपाळ आणि केरळ येथील ११० निरोगी व्यक्तींच्या अभ्यासात, मुख्यतः वनस्पतिजन्य आहार असलेल्या भोपाळच्या लोकांत प्रीव्होटेला या जीवाणूचे प्राबल्य आढळले. परदेशी पुस्तकांतील ‘आदर्श आतडे’ आपल्याला जसेच्या तसे लागू करू नये, याचा हा पुरावा.

मात्र शाकाहाराचे कौतुक करताना एका जागी थांबायला हवे. ती जागा म्हणजे जीवनसत्त्व बी-१२. हे जीवनसत्त्व सूक्ष्मजीवच बनवतात, तेव्हा आतड्यातले जीवाणू किंवा प्रोबायोटिक्स आपली गरज भागवतील, असे अनेकजण, कधी कधी शिक्षकही, सांगतात. अडचण जागेची आहे. बी-१२ शोषले जाते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. आणि ते बनवणारे बहुतेक जीवाणू राहतात त्याच्या पुढे, मोठ्या आतड्यात. गाडी निघून गेल्यावर स्थानकावर पोचलेल्या प्रवाशासारखी त्या बी-१२ ची गत होते. स्पायरुलिनातील बी-१२ हे बहुतांशी त्याचे बनावट रूप असते; ते माणसाच्या उपयोगी पडत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ग्रामीण भाग, झोपडवस्ती आणि शहरी मध्यमवर्ग यांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात बी-१२ कमी होते. बी-१२ च्या कमतरतेने रक्तक्षय होतो आणि चेतातंतूंना इजा पोचते. शाकाहाऱ्यांना ते दूध-दह्यातून मिळते. दूधही सोडले असेल तर बी-१२ मिसळलेले अन्न किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी, याला पर्याय नाही. हे सांगताना कोणाच्या आहारावर टीका करायची नसते; नकाशा पुरा करून द्यायचा असतो.

वर्गात काय करता येईल? एक सोपा प्रयोग आम्ही करून पाहिला. उकळून कोमट केलेले दूध सहा स्वच्छ वाट्यांत समान घ्यावे. पहिलीत काहीच घालू नये. दुसरीत चमचाभर ताजे ताक, तिसरीत तेच ताक पाच मिनिटे उकळून आणि थंड करून घालावे. चौथीत आंबलेले पण न शिजवलेले ज्वारीचे पीठ, पाचवीत तेच शिजवून, आणि सहावीत साखरेचा दाट पाक घालावा. वाट्या झाकून दहा-बारा तास ठेवाव्यात आणि फरक नोंदवावा. चाखू मात्र नये. दूध विरजले म्हणजे जिवंत जीवाणू पोचले, इतकेच सिद्ध होते. पदार्थ प्रोबायोटिक ठरत नाही. लिंबाच्या लोणच्याचा खारही दूध नासवतो, पण ते लगेच, केवळ आम्लामुळे. हा फरक मुलांनी स्वतः शोधला की तीन प्रश्नांपैकी पहिला त्यांना कायमचा समजतो.

राहिला परीक्षेचा प्रश्न. बरोबर लिहिणाऱ्या मुलाचे गुण जाऊ नयेत, ही आपली जबाबदारी आहे. आमचा सल्ला असा : पुस्तकातील यादीतून जी उदाहरणे शास्त्रालाही मान्य होतील तीच लिहायला सांगावीत, म्हणजे जिवंत जीवाणू असलेले योगर्ट आणि केफिर. कॉर्न सिरप आणि कृत्रिम गोडी ही नावे सोडून द्यावीत. मुलाचे गुणही जात नाहीत आणि त्याच्या हातून खोटेही लिहिले जात नाही.

आमच्या मते त्या उताऱ्यात चार दुरुस्त्या पुरेशा आहेत : व्याख्या बदलावी, यादी गाळून घ्यावी, प्रीबायोटिक हा शब्द आणावा आणि अतिसाराच्या वाक्याशेजारी ओआरएसचे वाक्य ठेवावे. असे पत्र आम्ही पाठ्यपुस्तक मंडळाकडे पाठवत आहोत. इतर ठिकाणच्या शिक्षकांनीही आपापली निरीक्षणे जरूर पाठवावीत.

आणि त्या मुलीला आम्ही पुढच्याच तासाला सर्वांसमोर सांगितले, की तुझा प्रश्न बरोबर होता आणि आमचे उत्तर चुकले होते. त्या दिवसापासून त्या वर्गात प्रश्न वाढले आहेत.